टिकटिक ऐकण्याची परवानगी

घड्याळजींच्या दुकानात एक्केचाळीस घड्याळं होती, आणि कानात मशीन घातलं त्या दिवशी सकाळी ती सगळीच्या सगळी एकदम बंद पडली.

निदान घड्याळजींना तसं वाटलं. शटर वर ढकलून ते आत आले आणि दारातच थबकले. अडतीस वर्षं रोज सकाळी या दुकानानं त्यांचं स्वागत टिकटिकीनं केलं होतं. अलीकडे कान मंदावल्यापासून ती टिकटिक दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटायची, पण यायची. आज सगळं चिडीचूप. त्यांनी घाईघाईनं भिंतीकडे पाहिलं, तर लंबक हलताहेत, काटे फिरताहेत, सगळं आपापल्या जागी शिस्तीत चाललंय. म्हणजे घड्याळं चालू होती, फक्त बोलत नव्हती. घरी बायको रुसली की साधारण असंच असतं, त्यामुळे हा प्रकार त्यांना अगदीच अनोळखी नव्हता. पण एक्केचाळीस जणींनी एकाच वेळी रुसायचं म्हणजे फार झालं.

त्यांनी मशीन कानातून काढलं. पुसटशी टिकटिक आली. पुन्हा घातलं. गेली. काढलं, आली. घातलं, गेली. असं सात वेळा झाल्यावर समोरच्या झेरॉक्सवाल्यानं रस्ता ओलांडून येऊन विचारलं, "घड्याळजी, कानात मुंगी गेलीय का?"

हे शब्द मात्र घड्याळजींना लख्ख ऐकू आले. म्हणजे मशीन उत्तम चाललं होतं. घोळ तोच होता.

मशीन लेकीनं घेऊन दिलं होतं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. फोनवर बापाशी बोलताना प्रत्येक वाक्य तीनदा म्हणून तिचा घसा बसायचा. बायकोही खूश होती, कारण टीव्हीचा आवाज वीस आकड्यांनी खाली आला होता. अशा वेळी 'मला घड्याळं ऐकू येत नाहीत' अशी तक्रार घरात करणं म्हणजे पंगतीत बसून ताटाला नावं ठेवण्यासारखं. घड्याळजी गुपचूप उठले आणि जिथून मशीन आणलं त्या केंद्रात गेले.

केंद्रातल्या मॅडम तरुण आणि गोड बोलणाऱ्या होत्या.

"मॅडम, घड्याळं ऐकू येत नाहीत."

"माणसं येतात ना, काका?"

"येतात. नको तीही येतात."

"मग झालं की!" मॅडमना आनंदच झाला. "अहो, तुमच्या मशीनमध्ये एक छोटा संगणक आहे. कुठला आवाज माणसाचा आणि कुठला फालतू, हे तो क्षणाक्षणाला ठरवत असतो. एकसारखी टकटक आली की तो ती कापून टाकतो."

"पण मला तीच हवीय."

"काका, तो गोंगाट आहे."

अडतीस वर्षांत घड्याळजींनी गिऱ्हाइकांची पुष्कळ बोलणी खाल्ली होती. उशीर केलात, काच बदलायला सांगितलं नव्हतं, पट्टा आमचा नाही. पण टिकटिकीला गोंगाट म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी शक्य तितक्या सभ्यपणे म्हटलं, "मग त्या संगणकाला सांगा ना, की ठरवू नकोस म्हणून."

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे पुष्कळ चौकोन होते, आणि त्यातला एक राखाडी चौकोन इवलंसं कुलूप लावून बसला होता. "हा तो. पण मलाही उघडता येत नाही. कंपनीनंच बंद करून ठेवलाय."

"कान माझा, मशीन माझं," घड्याळजी म्हणाले, "आणि किल्ली कंपनीकडे?"

मॅडम यावर हसल्या आणि त्यांनी एक फॉर्म दिला.

त्या फॉर्मबद्दल थोडं सांगायलाच हवं. तक्रारीचा प्रकार, असं लिहून पुढे चार पर्याय होते: आवाज येत नाही, आवाज फार येतो, शिट्टी वाजते, इतर. घड्याळजींनी इमानदारीत 'इतर'वर खूण केली. 'इतर'साठी वेगळा फॉर्म होता. त्यात खरेदीची तारीख, लेकीची सही, डाव्या कानाचा क्रमांक आणि उजव्या कानाचा क्रमांक मागितला होता. आपल्या कानांना क्रमांक आहेत हे घड्याळजींना साठाव्या वर्षानंतर कळलं. अकरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: 'आपण कळवलेली बाब ही तक्रार नसून आमच्या उत्पादनाचं वैशिष्ट्य आहे. ते आपल्याला आवडल्याबद्दल आभारी आहोत.'

इथवर प्रकरण तसं गमतीचंच होतं. पण त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तिथलं लंबकाचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. ते त्यांनी नऊच दिवसांपूर्वी दुरुस्त करून नेलं होतं.

"लंगडतंय हो," बाई म्हणाल्या.

"शक्यच नाही," घड्याळजी म्हणाले. घड्याळ लंगडतं म्हणजे काय, तर टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं राहत नाही. एक पाय लांब पडतो, एक आखूड. असं घड्याळ आज ना उद्या थांबणार. हे ओळखायला डोळ्यांचा उपयोग नाही, कानच लागतो.

"ऐका ना तुम्ही स्वतः."

घड्याळजींनी घड्याळ भिंतीवर लावलं, लंबकाला झोका दिला आणि ऐकलं. शांतता. मशीन काढून कान लाकडाला चिकटवला. काहीतरी ठपठपल्यासारखं वाटलं, पण ते आपलंच काळीज असावं अशी शंका आली. तेवढ्यात दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. ती दोघंही ऐकू लागली, आणि दोघांनीही माना हलवल्या. लंगडतंय. झेरॉक्सवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "लंगडतंय, घड्याळजी!"

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळुवारपणे म्हणाल्या, "राहू दे इथेच. सावकाश बघा, घाई नाही."

ती 'घाई नाही' घड्याळजींच्या जिव्हारी लागली. त्या दिवशी घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "दुकान बंद करावं म्हणतो."

बायको भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं. "आणि मग दिवसभर घरी?" तिच्या आवाजात जी धास्ती होती, ती मशीननं कणभरही न कापता घड्याळजींपर्यंत पोचवली. "त्यापेक्षा त्या मशीनचं काहीतरी करा."

करायचं काय, हे सांगायला शेजारचे साहेब होते. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्याची शिल्लक इतकी साठली होती की ते ती कुणालाही, न मागता, विनातारण द्यायचे. ते म्हणाले, "अर्ज काय करत बसलात? क्रॅक करून घ्या. मॅडमच्या संगणकात जे सॉफ्टवेअर आहे, त्याचं कुलूप तोडलेली प्रत मिळते. माझ्या संगणकात एकही गोष्ट न तोडलेली नाही."

"म्हणजे चोरी?"

"छे, छे! चोरी कसली? सगळेच करतात."

घड्याळजींना हा युक्तिवाद पटला नाही, पण कुतूहल वाईट. त्यांनी आयुष्यात हजारो घड्याळांची मागची झाकणं उघडली होती, आणि एकाही घड्याळानं 'परवानगी आहे का?' म्हणून विचारलं नव्हतं. आपल्या कानात बसलेल्या या जिनसेत नेमकं काय आहे, हे बघायची त्यांना आता भूकच लागली. ते लेकीचा जुना लॅपटॉप काखोटीला मारून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्यानं विचारलंही नाही. एक पेन ड्राइव्ह लावला, बारा वेळा 'हो' म्हटलं, दोन वेळा 'तरीही हो' म्हटलं, आणि घड्याळजींच्या कानातल्या मशीनला तार जोडून म्हणाला, "झालं! आता राजे आहात."

राजेपण चौदा मिनिटं टिकलं. पंधराव्या मिनिटाला, घड्याळजी रस्त्यानं घराकडे येत असताना, एक बाई त्यांच्या डाव्या कानात अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली, "आपल्या चाचणीची मुदत संपली आहे. कृपया अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा."

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दर पंधरा मिनिटांनी ती बाई बोलू लागली. टिकटिक आली नव्हतीच. उलट पाव तासाला टोला देणारं एक न मागितलेलं घड्याळ डोक्यात बसलं होतं. लॅपटॉप तर कामातूनच गेला. त्याच्यावरची सगळी अक्षरं कुठल्याशा अगम्य लिपीत गेली, आणि कोपऱ्यात एक पोपट येऊन केसगळतीवरचं तेल विकू लागला. दुरुस्तीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "फुकटात एवढं चालायचंच."

आणि त्यातच साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेजारधर्म म्हणून घड्याळजी दवाखान्यात भेटायला गेले. साहेब पांढरेफटक पडले होते. नुकतेच डॉक्टर येऊन, दारात उभ्या असलेल्या घड्याळजींशी दोन शब्द बोलून गेले होते.

"काय म्हणाले हो डॉक्टर?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं. "मला कुणी काही सांगत नाही."

नेमकी ती वेळ. कानातली बाई बोलली. आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला जी सवय असते, ऐकलेलं पुन्हा मोठ्यानं म्हणून बघायची, ती घड्याळजींना होती.

"मुदत संपली आहे!" ते म्हणाले.

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या बायकोनं हुंदका दिला. नर्स धावत आली. घड्याळजींनी कानातलं मशीन काढून दाखवलं, बाईची हकीकत सांगितली, कंपनीचा फॉर्म सांगितला, पोपट सांगितला. जितकं सांगावं तितकं ते कमी विश्वसनीय होत गेलं. शेवटी साहेबांचा रक्तदाब मोजून नर्सनं घड्याळजींना दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लेक आधी रागावली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा, पण जगात तुमच्यासारखं आणखी कुणीतरी असेलच ना? थांबा, शोधते."

आणि खरोखरच होतं. दूरच्या एका देशात एक बाई मधमाश्या पाळत होती. पोळ्याच्या गुणगुणीवरून माश्या खूश आहेत की बिथरल्यात हे तिला कळायचं. कानाला मशीन लावलं आणि पोळी मुकी झाली. सलग गुणगुण म्हणजे गोंगाट, असं तिच्याही मशीननं ठरवून टाकलेलं. फरक इतकाच की ही बाई तरुणपणी प्रोग्रॅम लिहायचं काम करायची. ती कंपनीच्या कुलपाच्या वाटेला गेलीच नाही. मशीन तारेवरून काय बोलतं ते तिनं वर्षभर बसून ऐकलं, आणि त्याच्याशी बोलायचा स्वतःचा, अगदी नवा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिला.

"ओपन सोर्स म्हणतात याला, बाबा. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं."

"आणि बिघडलं तर?"

"तर का बिघडलं ते बघता येतं."

"हे चोरीचं नाही ना?"

"तिनं स्वतः लिहिलंय आणि स्वतः देतेय. चोरी कशी होईल?"

"मग त्या बाईंना नमस्कार कळव."

लेकीनं पोपटासकट लॅपटॉप धुऊनपुसून काढायची युक्ती फोनवरून सांगितली. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. मग पत्रव्यवहार सुरू झाला. घड्याळजी सांगत, लेक भाषांतर करी. पहिलं पत्र पाच पानी होतं आणि त्यात दुकानाचा इतिहास होता. मधमाश्यावाल्या बाईचं उत्तर दीड ओळीचं आलं: मशीनचा नेमका प्रकार कळवा, फोटो पाठवा. घड्याळजींनी आपल्या कानाचा फोटो पाठवला, दोन्ही बाजूंनी. बाईनं लिहिलं, कान सुरेख आहे, पण मला बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा आकडा हवाय. तो इतका बारीक असतो की आजवर कुणाला धड वाचता आलेला नाही.

यावर घड्याळजी कित्येक दिवसांनी हसले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात झाकण धरलं आणि चौदा आकडे एका दमात वाचून लेकीकरवी कळवले. पलीकडून उत्तर आलं, त्यात नुसती उद्गारचिन्हं होती.

बाईनं दोनच अटी घातल्या. आधी आहे ती सगळी मांडणी जपून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहील. आणि आवाजाच्या कमाल मर्यादेचा आकडा वाढवू नका, उरलासुरला कान जाईल. बाकी सगळं तुमचं.

बाकी सगळं म्हणजे मशीनचे आवाज कमीजास्त करायच्या दोनशे चौदा खुंट्या. पडद्यावर त्या ओळीनं उभ्या राहिल्या तेव्हा घड्याळजींना एखादं अवाढव्य घड्याळ पहिल्यांदाच उघडल्यासारखं वाटलं. कानातली बाई एका झटक्यात गप्प झाली. तिची खुंटी सातवी होती. मग हात शिवशिवले, आणि त्यांनी एकदम पाच खुंट्या फिरवल्या. शेजारी बायकोनं वर्तमानपत्राचं पान उलटलं, आणि घड्याळजी 'छत पडलं!' म्हणून टेबलाखाली गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचं चावणं इतकं ऐकू येऊ लागलं की जेवताना घोडा शेजारी बसलाय असं वाटे. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून, दोन भिंतींपलीकडून, बायकोचं पुटपुटणं स्वच्छ ऐकू आलं: "सगळ्या जगाची घड्याळं दुरुस्त करतील, पण नळ गळतोय तो गळतोयच."

"कधीपासून गळतोय?" घड्याळजींनी विचारलं.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको दारात येऊन उभी राहिली. "ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं."

"याआधीचं?"

"त्याआधीचं काही होतं का?"

"काही नाही," बायको म्हणाली. पण त्यानंतर दोन दिवस ती माजघरात जाऊन, दार लावून पुटपुटत होती, आणि घड्याळजींनी नळाला वायसर बसवला.

मग त्यांनी स्वतःला फटकारलं. घड्याळ उघडल्यावर पाच स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला त्यांनी दुकानात उभं केलं नसतं. त्यांनी एक कोरी वही घेतली. एका वेळी एकच खुंटी, तीही पाव फेरा. काय बदललं ते लिहायचं, मगच पुढची. एकसष्टावी खुंटी: पंख्याची घरघर आली. अठ्ठ्याण्णवावी: माणसांचे शब्द कडेनं झिजले, पुन्हा मागे. वहीची अकरा पानं भरली. रोज सकाळी दुकानात बसून ते हे करत, आणि झेरॉक्सवाला रोज विचारी, "लागलं का स्टेशन?"

एकशे सदतिसावी खुंटी मागे घेतली, आणि टिकटिक आली.

एक नाही, दोन नाही, एक्केचाळीस. भिंतीवरची, कपाटातली, ड्रॉवरमधली. कुणी घाईत, कुणी रमतगमत. त्यांचे सुटे सुटे आवाज एकमेकांत शिरत आणि बाहेर पडत होते. घड्याळजी स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला. मग कान टवकारून नीट ऐकू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. लंबकाची बारा होती. त्यातली पाच लंगडत होती. ही त्यांच्या स्वतःच्या हातची, 'ठणठणीत' अशी चिठ्ठी लावलेली! झेरॉक्सवाल्याला दिसलं ते एवढंच की घड्याळजी खडूनं काचांवर फुल्या मारत फिरताहेत आणि प्रत्येक फुलीबरोबर स्वतःला शिव्या देताहेत.

मुख्याध्यापिका बाईंच्या घड्याळात मागची तार केसभर वाकलेली निघाली. ती सरळ झाली, आणि टिक-टक पावलात पाऊल टाकून चालू लागलं. घड्याळजी ते स्वतः शाळेत नेऊन भिंतीवर लावून आले. मग त्यांनी सालभरातल्या गिऱ्हाइकांना फोन लावले: "तुमचं लंबकाचं घड्याळ मी नीट ऐकलं नव्हतं. आणून टाका." अशी कबुली देताना लाज वाटली, नाही असं नाही, पण सातव्या फोननंतर ती कमी झाली.

उरला केंद्राचा प्रश्न. सहा महिन्यांच्या तपासणीला बोलावणं आलं तेव्हा घड्याळजी वही काखेत घेऊन गेले, गुन्हा कबूल करायच्या तयारीनं. मॅडमनी मशीनला तार जोडली आणि पडद्याकडे पाहतच राहिल्या.

"काका, हे कुणी केलं?"

"मी."

"तुमची वॉरंटी गेली, माहितीय?"

"गेली ना? जाऊ द्या. टिकटिक आली."

मॅडमनी त्यांची पुन्हा तपासणी केली. माणसांचे शब्द आधीइतकेच स्वच्छ येत होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, उठून ते लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे एक सुतार येतात. रंध्याचा आवाज गेला म्हणतात. एक शिलाईकामवाल्या येतात, त्यांना सुई तुटलेली कळत नाही. मी सगळ्यांना फॉर्म देते." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ती एकशे सदतीस नंबरची... तुम्हाला सापडली कशी?"

घड्याळजींनी वही टेबलावर ठेवली. मॅडम पानं उलटू लागल्या. पाचव्या पानाशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हिचे फोटो काढून घेऊ का?"

"घ्या की. सुताराला द्या, शिलाईवाल्या बाईंना द्या. फक्त त्यात काही नवं सापडलं तर लपवून ठेवायचं नाही, मलाही दाखवायचं. तिकडच्या मधमाश्यावाल्या बाईंनाही कळवायचं. आणि तो कमाल मर्यादेचा आकडा लाल शाईत लिहिलाय, त्याला हात नाही."

मॅडम आत फोटो काढत बसल्या, आणि घड्याळजी बाहेरच्या खोलीत येऊन थांबले. पाच-सहा जण ओळीनं बसले होते. टेबलामागे नावं लिहून घेणारी मुलगी, तिच्या डोक्यावर गोल पांढरं घड्याळ. घड्याळजी बसले, आणि लगेच अस्वस्थ झाले. मिनिटभर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठले, रिकामी खुर्ची भिंतीला लावली आणि चपला काढून वर चढले.

"अहो आजोबा! काय करताय? त्याला हात लावू नका!"

"सेकंदकाटा आठावरून वर चढताना धडपडतोय. दर मिनिटाला एक ठोका गिळतोय. बॅटरी संपत आलीय."

मुलीनं वर पाहिलं. ओळीतल्या सगळ्यांनी वर पाहिलं.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली.

घड्याळजींनी घड्याळ खिळ्यावरून उतरवून छातीशी धरलं, मागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं, आणि खुर्चीवरूनच, अतिशय आपुलकीनं म्हणाले, "मॅडम आतच आहेत, बाळ. एकदा दाखवून घे."